वीस लाख बाटल्या डोळ्यांत मावतात तेव्हा

१९२५ साली व्हिएन्नात ऑटो नॉयराथ यांनी समाज आणि अर्थव्यवस्था यांचं संग्रहालय सुरू केलं. सामान्य माणसालाही आकडेवारी वाचता यावी, म्हणून तिथे ती छोट्या चित्रचिन्हांनी दाखवली जाई आणि एक नियम पाळला जाई: संख्या वाढली तर चिन्ह मोठं करायचं नाही, तेच चिन्ह पुन्हा पुन्हा काढायचं. कारण उंची दुप्पट केली की आकृती चौपट जागा व्यापते आणि डोळा फसतो.

ऐंशीएक वर्षांनी हाच नियम सिएटलच्या ख्रिस जॉर्डन यांच्या कामात वेगळ्याच कारणासाठी दिसला. जॉर्डन मूळचे वकील. वकिली सोडून ते छायाचित्रणाकडे वळले आणि टाकून दिलेले मोबाइल, चेपलेल्या मोटारी यांचे ढीग टिपू लागले. ते फोटो विलक्षण देखणे आहेत. पण देशभराचा कचरा एका जागी कधीच दिसत नाही, तो लाखो डब्यांत विखुरलेला असतो. समोरचा ढीग कितीही मोठा असो, एकूण आकड्यापुढे तो चिमूटभरच. माझ्या मते पुढचं सगळं काम या अडचणीतून निघालं.

‘रनिंग द नंबर्स’ या मालिकेत त्यांनी तो न दिसणारा ढीग हजारो छोटी छायाचित्रं जोडून स्वतःच रचला. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे त्यांनी काळ आखूड केला. वर्षाचा आकडा डोक्यावरून जातो, पाच मिनिटांचा मनात बसतो. २००७ च्या एका चित्रात वीस लाख प्लास्टिक बाटल्या आहेत, म्हणजे अमेरिकेत तेव्हा दर पाच मिनिटांना वापरल्या जाणाऱ्या. दहा फूट रुंदीचं हे चित्र लांबून नुसता खरखरीत पोत वाटतं. जवळ जावं तर बाटली न् बाटली सुटी दिसते. त्याच वर्षी त्यांनी फ्रेंच चित्रकार जॉर्ज स्यूरा यांचं नदीकाठच्या रविवारचं चित्र १,०६,००० अ‍ॅल्युमिनियमच्या कॅनमधून उभं केलं. हा खप तीस सेकंदांचा. मूळ चित्रच ठिपक्यांनी रंगवलेलं, त्यामुळे ही निवड मला फार नेमकी वाटते.

२००९ मध्ये मात्र ते पॅसिफिकमधल्या मिडवे बेटावर गेले. तिथे अल्बाट्रॉस या समुद्रपक्ष्याची मेलेली पिल्लं होती आणि त्यांच्या पोटात बाटल्यांची झाकणं. इथे जुळवाजुळव नव्हती. प्लास्टिकचा एकही तुकडा जागचा न हलवता त्यांनी एकेका पिल्लाचा फोटो काढला.