कृतज्ञतेचा दैनंदिन सराव

कृतज्ञतेचा दैनंदिन सराव : इतरांनी आपल्यासाठी जे केले, किंवा आपण काही न करता जे वाट्याला आले, ते ठरवून आठवण्याची आणि शक्य तेथे बोलून दाखवण्याची सवय. रोज किंवा आठवड्याला टिपण करणे, आभाराचे पत्र लिहिणे, समोर जाऊन नेमके आभार मानणे, निजण्यापूर्वी दिवस डोळ्यांसमोर आणणे, हाताशी असलेली गोष्ट नसती तर काय झाले असते याची कल्पना करणे, ही या सवयीची प्रचलित रूपे होत. नीतिविचारात कृतज्ञतेची चर्चा फार जुनी आहे. उपकार कसे करावेत आणि कसे स्वीकारावेत यावर रोमन तत्त्वज्ञ सेनेका याने पहिल्या शतकात सात भागांचा ग्रंथ लिहिला. मात्र लोकांना एखादी साधी कृती नेमून देऊन तिचा परिणाम मोजण्याचे काम मुख्यतः २००० नंतर मानसशास्त्रज्ञांनी सुरू केले.

शब्द आणि अर्थ

‘कृत’ म्हणजे केलेले आणि ‘ज्ञ’ म्हणजे जाणणारा. आपल्यासाठी काय केले गेले हे ज्याला ठाऊक आहे तो कृतज्ञ. केलेल्याचा घात करणारा तो कृतघ्न. मराठी बोलीत हाच अर्थ ‘जाण’ या छोट्या शब्दात उतरला आहे. ‘त्याला जाण आहे’ एवढे म्हटले की कशाची, हे वेगळे सांगावे लागत नाही. या शब्दांच्या मुळाशी जाणणे आहे, गहिवर नंतरचा. रोजच्या सरावाचा विचार करताना हे फार उपयोगी पडते. गहिवर हुकमी आणता येत नाही. कोणी काय केले याची माहिती मात्र मिळवता येते आणि आठवताही येते.

पाली भाषेत ‘कतञ्ञू’ आणि ‘कतवेदी’ हे दोन शब्द जोडीने येतात. पहिला केलेले जाणणारा, दुसरा ते मानून दाखवणारा. अंगुत्तर निकाय या बौद्ध उपदेशांच्या पाली संग्रहात दोन प्रकारची माणसे जगात दुर्मिळ म्हटली आहेत : आपण होऊन आधी उपकार करणारा, आणि केलेले जाणून ते मानणारा. आजच्या बहुतेक कृतीही या दोन गटांत बसतात. काही मनातल्या मनात किंवा कागदावर जाणण्याच्या, तर काही दुसऱ्याला कळवण्याच्या. दोहोंचे परिणाम आणि अडचणी वेगवेगळ्या आहेत.

सराव का लागतो

चांगल्या गोष्टीची सवय होते आणि सवय झालेली गोष्ट दिसेनाशी होते. नळाला पाणी येते तोवर नळाकडे कोणी पाहत नाही. ते बंद झाले की घरातला प्रत्येक जण बादल्या मोजू लागतो. शाय डेव्हिडाय आणि टॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये हाच कल वाऱ्याच्या उपमेने मांडला. सायकलवर असताना समोरचा वारा क्षणोक्षणी जाणवतो. पाठीमागून वारा लागला की क्षणभर बरे वाटते आणि मग त्याचा विसर पडतो. आपल्यापुढच्या अडथळ्यांचा हिशेब माणसाकडे तपशीलवार असतो. मिळालेल्या मदतीचा हिशेब मात्र मोघम राहतो. हा दुष्टपणा मानण्याचे कारण नाही. अडथळा पार करायचा असल्याने त्याकडे लक्ष द्यावेच लागते, मदतीच्या बाबतीत तशी निकड नसते.

कृतज्ञता कशाने जागी होते याचा एक जुना आणि अजूनही कामाचा प्रयोग १९६८ चा आहे. त्यात तीन घटक पुढे आले : करणाऱ्याचा हेतू, त्याला पडलेले कष्ट किंवा झालेला खर्च, आणि घेणाऱ्याला झालेला उपयोग. सरावाच्या बहुतेक पद्धती, त्या तसे म्हणोत वा न म्हणोत, या तीनपैकी एखाद्या घटकाकडे लक्ष वेधतात.

टिपण

सर्वांत जास्त अभ्यासलेली पद्धत लिहिण्याची आहे. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅक्‌कलो यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात विद्यार्थ्यांचे तीन गट केले होते. एकाने ज्यांबद्दल कृतज्ञ वाटते अशा पाचपर्यंत गोष्टी, दुसऱ्याने कटकटी आणि तिसऱ्याने नुसत्या घडामोडी लिहायच्या. आठवड्यातून एकदा, असे दहा आठवडे. पहिल्या गटाला आपले आयुष्य एकंदरीत अधिक बरे वाटले, येणाऱ्या आठवड्याबद्दल आशा अधिक होती आणि शारीरिक तक्रारी कमी नोंदल्या गेल्या. त्याच संशोधनाच्या तिसऱ्या भागात मज्जातंतू आणि स्नायूंचे आजार असलेल्या प्रौढांनी २१ दिवस रोज टिपण केले. त्यांच्यातला फरक त्यांच्या जवळच्या माणसांनाही जाणवला. स्वतःच्याच तोंडी उत्तरांवर उभ्या असलेल्या या क्षेत्रात ही बाब महत्त्वाची आहे.

मार्टिन सेलिग्मन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये तपासलेली ‘तीन चांगल्या गोष्टी’ ही कृती आणखी सोपी आहे. आठवडाभर रोज रात्री त्या दिवशी नीट घडलेल्या तीन गोष्टी लिहायच्या आणि प्रत्येकीपुढे ती का घडली हे लिहायचे. आनंदातली वाढ आणि उदासीच्या लक्षणांतली घट सहा महिन्यांनंतरही टिकलेली दिसली. नेमलेला आठवडा संपल्यावर आपण होऊन सराव चालू ठेवणाऱ्यांना फायदा अधिक झाला. या कृतीचे खरे बळ बहुधा ‘का’ मध्ये असावे. कारण शोधू लागले की बहुतेक वेळा वाट कोणा माणसापाशी जाऊन थांबते.

रोजच लिहावे का? सोन्या ल्युबोमिर्स्की आणि सहकाऱ्यांनी सहा आठवडे काही लोकांना आठवड्यातून एकदा, तर काहींना तीनदा अशी यादी करायला लावली. फायदा एकदा करणाऱ्यांत दिसला, तीनदा करणाऱ्यांत दिसला नाही. यावरून सर्वांसाठी एकच नियम काढणे घाईचे होईल, पण ज्यांनी अशी वही घालून पाहिली आहे त्यांना कारण सांगावे लागणार नाही. ‘कुटुंब, आरोग्य, मित्र’ अशी यादी चौथ्या दिवशी शिळी होते आणि दहाव्या दिवशी हात आपोआप तेच शब्द लिहितो. याउलट ‘मी घरी पोहोचेपर्यंत ती जागी राहिली, पहाटे उठायचे असूनही’ या एका ओळीत वर सांगितलेले तिन्ही घटक आहेत आणि ती ओळ दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिता येत नाही. नोंदींची संख्या वाढवण्यापेक्षा एकच नोंद तपशिलाने लिहिणे सरावाला जास्त पोसते. वही, फोनमधली नोंद की सुटे कागद, याने फारसे काही बिघडत नाही.

वजाबाकी

‘हे आपल्याला मिळाले’ असे म्हणण्याऐवजी ‘हे मिळाले नसते तर’ असे म्हणून पाहणे, ही वजाबाकीची पद्धत. २००८ मध्ये मिंक्युंग कू आणि सहकाऱ्यांनी काही लोकांना आपल्या जोडीदाराची भेट कशी झाली हे लिहायला सांगितले, तर काहींना ती भेट कशी झालीच नसती हे लिहायला सांगितले. आपल्या नात्याबद्दलचे समाधान दुसऱ्या गटात अधिक वाढले. भेटीची गोष्ट कैकदा सांगून गुळगुळीत झालेली असते. ती हुकण्याच्या शक्यता मोजताना (उशीर झाला असता, दुसरी नोकरी घेतली असती, त्या दिवशी ताप आला असता) तीच गोष्ट पुन्हा नवल वाटू लागते. ही कृती रोज करण्याजोगी नाही. सवयीने निस्तेज झालेल्या एखाद्या गोष्टीपुरती, अधूनमधून करावी.

तीन प्रश्न

जपानमध्ये इशिन योशिमोतो (१९१६–१९८८) यांनी घडवलेली नाइकान ही आत्मपरीक्षणाची पद्धत येथे वेगळी उठून दिसते. ‘नाइकान’ म्हणजे आत पाहणे. तिच्या मूळ स्वरूपात साधक साधारण आठवडाभर एकांतात बसून एकेका व्यक्तीच्या संदर्भात तीन प्रश्नांची उत्तरे आठवतो : या व्यक्तीकडून मला काय मिळाले? मी तिला काय दिले? माझ्यामुळे तिला कोणता त्रास झाला? रोजच्या वापरासाठी हेच प्रश्न निजताना काही मिनिटांत, फक्त त्या दिवसापुरते विचारले जातात. ‘तिच्यामुळे मला काय त्रास झाला’ हा चौथा प्रश्न मुद्दाम वगळलेला आहे, कारण त्याचे उत्तर मन न विचारता देत असते.

नुसत्या यादीत येणारा गोडवा नाइकानमध्ये नाही. देणेघेणे मांडल्यावर ताळा बहुधा आपल्या विरुद्ध जातो आणि ते पचायला कठीण असते. ज्यांचा स्वतःला दोष देण्याकडे आधीच कल आहे त्यांनी तिसऱ्या प्रश्नाबाबत जपून राहावे.

कळवणे

मनातली जाण दुसऱ्यापर्यंत पोहोचवताना माणूस अडखळतो. ज्याचे आभार राहून गेले अशा व्यक्तीला पत्र लिहून ते स्वतः जाऊन वाचून दाखवणे, ही कृतीही सेलिग्मन यांच्या २००५ च्या अभ्यासात होती. तपासलेल्या कृतींपैकी तिचा तात्काळ परिणाम सर्वांत मोठा दिसला. महिनाभर टिकून नंतर तो ओसरला. ती वारंवार करता येत नाही हे उघड आहे. शिवाय बहुतेक जण ती एकदाही करत नाहीत. अमित कुमार आणि निकोलस एपली यांच्या २०१८ च्या प्रयोगांत यामागचे एक कारण दिसते. पत्र लिहिणाऱ्यांना वाटत होते की वाचणारा अवघडून जाईल. प्रत्यक्षात वाचणारे त्यांच्या अंदाजापेक्षा कमी अवघडले, जास्त चकित झाले आणि जास्त सुखावले. शब्द बरोबर जुळले का याची चिंता लिहिणाऱ्याला होती. वाचणाऱ्याचे लक्ष त्यातल्या जिव्हाळ्याकडे होते.

छोट्या आभारांचाही परिणाम मोजला गेला आहे. ॲडम ग्रँट आणि फ्रांचेस्का जीनो यांच्या २०१० च्या एका प्रयोगात सहभागींनी एका विद्यार्थ्याला नोकरीच्या अर्जाचे पत्र सुधारून दिले. त्याचे कोरडे उत्तर मिळालेल्यांपैकी ३२ टक्के पुन्हा मदतीला तयार झाले. उत्तरात आभाराची ओळ होती तेव्हा हे प्रमाण ६६ टक्के होते.

आभार कसे मानावेत यावर सारा अल्गो यांच्या गटाने जोडप्यांच्या संभाषणातून एक बारकावा काढला. ‘त्यामुळे माझे काम सोपे झाले’ असे स्वतःच्या फायद्याबद्दल बोलण्यापेक्षा ‘तू किती शांतपणे समजावून सांगतोस’ असे करणाऱ्याबद्दल बोललेले ऐकणाऱ्याला अधिक भिडते. हा फरक आपल्या शब्दांतच दडलेला आहे, असे म्हणायला हरकत नाही. ‘आभार’ या शब्दात घेणाऱ्यावरचा भार आहे. ‘धन्यवाद’ म्हणजे मात्र समोरच्याला धन्य म्हणणे. रोजच्या वापरात दोन्ही शब्द सारखेच झिजले आहेत. म्हणून शब्द कोणताही असो, त्यापुढे काय केले ते नाव घेऊन सांगितले तरच त्यात जीव येतो.

जवळच्या माणसांत आभार उच्चारले की परकेपणा येतो, अशी भावना पुष्कळांची असते आणि ती निराधार नाही. पाच खंडांतल्या आठ भाषांमधील घरगुती संभाषणांची चित्रफितींवरून तुलना करणारा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. मागितलेली वस्तू किंवा मदत मिळाल्यावर आभाराचे शब्द सर्वत्रच क्वचित ऐकू आले. इंग्रजी आणि इटालियन बोलणाऱ्यांत किंचित जास्त. इक्वाडोरमधल्या चापाला भाषेत तर यासाठी ठरलेला शब्दप्रयोगच नाही. घरात मीठ पुढे सरकवल्याबद्दल कोणी आभार मानत नाही, कारण तेथे देणेघेणे गृहीत असते. तेव्हा घरच्या माणसांशी औपचारिक शब्द टाळून नुसता उल्लेख करणे बरे : ‘काल तू ते कागद शोधून ठेवलेस म्हणून आज वेळेत निघता आले.’ आपल्याला दिसले, एवढे त्यातून पोहोचते.

परिणामांची मर्यादा

लोकप्रिय लेखनात कृतज्ञतेला रामबाण ठरवले जाते. पुरावा तेवढा नाही. काहीच न करणाऱ्यांशी तुलना केली तर फायदा स्पष्ट दिसतो, पण दुसरी एखादी अर्थपूर्ण कृती करणाऱ्यांशी तुलना केली की तो बराच घटतो. चिंता आणि नैराश्याच्या लक्षणांवरील २७ अभ्यासांच्या २०२१ मधील एकत्रित आढाव्यात परिणाम लहानच आढळला. म्हणजे हा सराव उपचाराची जागा घेऊ शकत नाही. झोपेशी असलेला संबंध समजायला सोपा आहे. कृतज्ञ वृत्तीच्या लोकांच्या मनात निजताना काळजीचे विचार कमी आणि बरे विचार जास्त येतात व त्यामुळे त्यांची झोप चांगली असते, असे २००९ च्या एका अभ्यासात दिसले.

कृतज्ञता आणि मिंधेपणा यांची गल्लत होते, ती टाळायला हवी. फिलिप वॉटकिन्स आणि सहकाऱ्यांच्या २००६ च्या अभ्यासात देणाऱ्याची परतफेडीची अपेक्षा जसजशी वाढवली तसतसा ओशाळेपणा वाढला आणि कृतज्ञता कमी झाली. जे उपकार बोलून दाखवले जातात ते जाण निर्माण करत नाहीत, ओझे करतात. अन्याय्य वागणूक देणारा वरिष्ठ किंवा मारहाण करणारा जोडीदार ‘मी तुझ्यासाठी काय नाही केले’ असे म्हणतो तेव्हा तो हेच ओझे वापरत असतो, आणि अशा नात्यात कृतज्ञतेची वही माणसाला तेथेच अडकवून ठेवू शकते. शोकात बुडालेल्या माणसाला ‘जे उरले आहे त्याकडे बघ’ असे सांगणे याच जातीचे. सराव ज्याने त्याने स्वतःसाठी करायचा असतो. दुसऱ्याला नेमून दिला की त्याचा उपदेश होतो.

‘इतरांपेक्षा आपले बरे चालले आहे’ हा विचारही अनेकदा कृतज्ञतेच्या नावाखाली शिकवला जातो. त्याने हायसे वाटते हे खरे. पण त्यात आपल्यासाठी कोणी काही केल्याचा उल्लेख कोठेच नसतो, असतो तो दुसऱ्याच्या हालांचा.