केरो

केरो : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील इलिनॉय राज्याच्या दक्षिण टोकावरील शहर व अलेक्झांडर परगण्याचे मुख्य ठिकाण. लोकसंख्या १,७३३ (२०२०). ओहायओ व मिसिसिपी या नद्यांच्या संगमावरील चिंचोळ्या भूशिरावर ते वसले आहे. पूर्वेस ओहायओपलीकडे केंटकी, पश्चिमेस मिसिसिपीपलीकडे मिसूरी. शिकागोचे राज्य म्हणून इलिनॉय उत्तरेकडचे मानले जाते, पण केरो व्हर्जिनियातील रिचमंडच्याही दक्षिणेस आहे. हवामान उष्ण व दमट, वार्षिक पर्जन्य सुमारे १२० सेंमी.

नाव (Cairo) ईजिप्तच्या राजधानीचेच, पण त्याचा उच्चार स्थानिक लोक ‘केरो’ असा करतात. ईजिप्तच्या राजधानीसाठी मराठीत रूढ असलेला ‘कैरो’ हा उच्चार येथे चालत नाही. दक्षिण इलिनॉयला ‘लहान ईजिप्त’ म्हणतात. त्याची उपपत्ती दोन प्रकारे दिली जाते. १८३०–३१ च्या भीषण हिवाळ्यानंतर उत्तरेकडील पिके बुडाली आणि तेथील शेतकरी मक्यासाठी गाड्या घेऊन दक्षिणेत आले. बायबलमधील योसेफाचे भाऊ धान्यासाठी ईजिप्तला गेले होते, त्यावरून हे नाव पडले, असे एक मत. दोन महानद्यांमधील सखल, गाळाची भूमी नाईलच्या खोऱ्यासारखी वाटल्याने ते पडले, असे दुसरे. जॉन कोमेजिस या व्यापाऱ्याने ‘केरो’ नावाच्या नियोजित शहरासाठी व बँकेसाठी सनद मिळवली ती १८१८ मध्ये, म्हणजे त्या हिवाळ्याच्या बारा वर्षे आधी. त्यामुळे शहराच्या नावापुरते तरी दुसरे मत ग्राह्य दिसते. धान्याच्या प्रसंगाने प्रदेशाचे टोपणनाव दृढ झाले असावे. थीब्झ, कार्नाक ही आसपासच्या गावांची नावेही ईजिप्तमधील स्थळांवरूनच आलेली.

पहिल्या वसाहतीचे स्थानही वादग्रस्त आहे. शार्ल ज्युशेरो या फ्रेंच व्यापाऱ्याने १७०२ च्या सुमारास गव्यांची कातडी कमावण्याचा कारखाना संगमाजवळ काढला. तो साथीच्या रोगाने लवकरच मोडला. काहींच्या मते तो नेमका केरोच्या जागी होता, तर काही तो ओहायओच्या काठाने वर, उंच जमिनीवर दाखवतात. संगमावरील भूमी दर मोठ्या पुरात बुडत असे, हे लक्षात घेता दुसरा पक्ष अधिक संभवनीय वाटतो.

कोमेजिसची योजना त्याच्या मृत्यूने बारगळली. १८३७ मध्ये डॅरियस होलब्रुकच्या कंपनीने पुन्हा प्रयत्न केला, तोही फसला. १८५० नंतर इलिनॉय सेंट्रल रेल्वे आली तेव्हाच गावाने मूळ धरले. अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेचे सेनानी युलिसीझ ग्रँट यांनी १८६१ मध्ये येथे तळ दिला.

पाण्याचा विचार केल्याशिवाय केरो समजत नाही. संगमापाशी ओहायओचे पाणी सरासरीने मिसिसिपीपेक्षा अधिक असते, म्हणजे जलमानाने पाहता मुख्य नदी ओहायओच ठरावी. इलिनॉयमधील सर्वांत सखल भूमी येथलीच. त्यामुळे शहर सर्व बाजूंनी बांध व भिंतींनी वेढलेले आहे. उत्तरेकडील रस्ता रेल्वेच्या भरावाखालून आत येतो. तेथे सुमारे ८० टनांचे पोलादी दार वर टांगलेले असून पुराच्या वेळी ते खाली सोडून शहर बंद करता येते. बांध शाबूत राहिला तरी धोका टळत नाही, कारण नदीच्या दाबाने पाणी वाळूच्या थरांतून बांधाखालून शिरते आणि आतल्या जमिनीतून वाळूसह उकळल्यासारखे वर येते. मे २०११ मध्ये पाणी ६१.७२ फुटांच्या विक्रमी पातळीला गेले. शहर रिकामे करण्यात आले होते. २ मेच्या रात्री पुराचे पाणी शेतीकडे वळवण्यासाठी लष्करी अभियंत्यांनी मिसूरीकडील बर्ड्‌स पॉइंटचा बांध सुरुंगांनी उडवला. केरो वाचले. पण सुमारे १,३०,००० एकर शेती पाण्याखाली गेली आणि पिनहुक हे कृष्णवर्णीयांचे छोटे खेडे कायमचे उद्ध्वस्त झाले. केरोच्या बचावाबरोबर ही किंमतही नोंदलीच पाहिजे.

लोकसंख्या १८६० मध्ये २,१८८ होती, १९२० मध्ये ती १५,२०३ या उच्चांकास पोहोचली. पुढे १२,१२३ (१९५०), ९,३४८ (१९६०), ६,२७७ (१९७०), ३,६३२ (२०००) व २,८३१ (२०१०) अशी ती घटत गेली. २०१० ते २०२० या दशकात अलेक्झांडर परगण्याची लोकसंख्या ३६ टक्क्यांनी घटली, देशातील सर्व परगण्यांत सर्वाधिक. ऱ्हासाचे कारण काही लेखक वाहतुकीत शोधतात : १८८९ च्या रेल्वेपुलाने ओहायओवरील नौकासेवेचा धंदा घटवला, १९७८ मध्ये महामार्गाचा पूल शहर टाळून झाला. इतर लेखक वर्णद्वेषावर बोट ठेवतात. १९०९ मध्ये येथे विल जेम्स या कृष्णवर्णीयाला जमावाने ठार केले. १९६७ मध्ये एक तरुण कृष्णवर्णीय सैनिक कोठडीत मृत आढळल्यावर उद्रेक झाला. कृष्णवर्णीयांना नोकऱ्या न देणाऱ्या दुकानांवर १९६९ पासून काही वर्षे बहिष्कार चालला. अनेक दुकानदारांनी धोरण बदलण्याऐवजी दुकान बंद करणे पसंत केले. घट १९६७ च्या बरीच आधी सुरू झाली होती, हे वरील आकड्यांवरून दिसते. लोकसंख्या पुन्हा का सावरली नाही, याचे उत्तर मात्र वर्णद्वेषाच्या कारणात अधिक आहे. २०१७ मध्ये मोडकळीस आलेल्या दोन सरकारी गृहवसाहती रिकाम्या करण्याचे ठरले आणि सुमारे ४०० रहिवाशांना घरे सोडावी लागली. पुष्कळांना गावात दुसरे घरच नव्हते. आजच्या रहिवाशांत कृष्णवर्णीय बहुसंख्य आहेत.

जुने कस्टम हाउस (१८७२) व मॅग्नोलिया मॅनर ही प्रेक्षणीय स्थळे. शहराच्या दक्षिणेस फोर्ट डिफायन्सच्या टोकावर मिसिसिपीचे तपकिरी, गढूळ पाणी व ओहायओचे त्यामानाने स्वच्छ पाणी बऱ्याच अंतरापर्यंत शेजारून वाहताना दिसते. हे टोक बांधाबाहेर असल्याने मोठ्या पुरात पाण्याखाली जाते.