केळ्यातला पॉझिट्रॉन, आकाशातला पॉझिट्रॉन

रावेर-यावलकडच्या बागेतलं एखादं केळं आत्ता तुमच्या घरात असेल, तर त्यात साधारण दर एक-दोन तासांनी एक पॉझिट्रॉन जन्माला येतो. केळ्यातल्या पोटॅशियमच्या दर दहा हजार अणूंमागे साधारण एक अणू किरणोत्सारी, पोटॅशियम-४० असतो, आणि तो क्वचित कधीतरी पॉझिट्रॉन सोडतो. पॉझिट्रॉन म्हणजे इलेक्ट्रॉनचं प्रतिरूप: वस्तुमान तेवढंच, विद्युतभार उलटा. शेजारचा इलेक्ट्रॉन भेटला की दोघंही नाहीसे होतात, उरतात ते गॅमा किरण. यात घाबरण्यासारखं काहीच नाही; आपल्या शरीरातही हेच पोटॅशियम आहे.

पहिला पॉझिट्रॉन सापडला तो मात्र आकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांत. १९३२ साली कार्ल अँडरसनने त्याचा माग टिपला. वैश्विक किरणांतले प्रोटॉन ताऱ्यांच्या मधल्या जागेतल्या विरळ वायूवर आदळतात, त्यातून पॉझिट्रॉन तयार होतात. हा हिशोब धरला तर जास्त ऊर्जेकडे जावं तसं इलेक्ट्रॉनच्या तुलनेत त्यांचं प्रमाण घटायला हवं. पामेला या उपग्रहावरच्या उपकरणाला उलटं दिसलं: १० अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेच्या पुढे ते वाढत होतं.

२०११ पासून अंतराळ स्थानकावर असलेल्या साडेसात टनी एएमएस उपकरणाने ही वाढ पक्की केली. त्याचं काम मला खळ्यावरच्या उफणणीसारखं वाटतं. वाऱ्याने भूस एकीकडे आणि दाणे दुसरीकडे पडावेत, तसं चुंबक इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनला विरुद्ध दिशांना वळवतं. पण प्रोटॉनही धनभारित, आणि पॉझिट्रॉनच्या हजारो पट! गव्हातले खडे वाऱ्याने जात नाहीत, ते निवडावेच लागतात. त्यासाठी एएमएसमध्ये वेगळे शोधक आहेत, आणि खरी कसोटी तिथेच लागते.

मग हे जादा पॉझिट्रॉन कुठले? आकाशगंगांच्या कडेचे तारे इतक्या वेगाने फिरतात की दिसणाऱ्या पदार्थाचं गुरुत्व त्यांना धरून ठेवायला अपुरं पडतं. ही उणीव भरून काढणारं, न दिसणारं कृष्णद्रव्य विश्वात साध्या पदार्थाच्या पाचपट आहे. त्याचे दोन कण भिडून नष्ट होत असतील, तर त्यातून पॉझिट्रॉन निघू शकतात. सुमारे ३०० अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टनंतर पॉझिट्रॉन झपाट्याने कमी होतात, हेही या कल्पनेत बसतं.

पण पल्सार, म्हणजे मेलेल्या ताऱ्यांचे गरगर फिरणारे दाट अवशेष, तेही पॉझिट्रॉन बनवतात. वेगवान पॉझिट्रॉन वाटेतच ऊर्जा गमावतात, म्हणून त्यांचा उगम जवळच हवा. मिथुन राशीतला जेमिंगा हा पल्सार सुमारे ८०० प्रकाशवर्षांवर आहे. मेक्सिकोतल्या हॉक वेधशाळेला २०१७ मध्ये दिसलं, की त्याच्या भोवतीचे कण फार संथपणे पसरतात. मग ते इथवर पुरेसे पोचतात का, यावर वाद आहे. तरी माझा कल पल्सारकडेच. एवढे पॉझिट्रॉन कृष्णद्रव्यातून यायचे, तर गॅमा किरणही भरपूर दिसायला हवेत, आणि कृष्णद्रव्याने भरलेल्या खुज्या आकाशगंगांकडे रोखलेल्या, गॅमा किरण टिपणाऱ्या फर्मी या अवकाश दुर्बिणीला ते सापडलेले नाहीत.

मला जास्त आशा आहे ती प्रति-ड्युटेरॉनची, म्हणजे प्रतिप्रोटॉन आणि प्रतिन्यूट्रॉनच्या जोडीची. कृष्णद्रव्यातून तो निघू शकतो, पण वैश्विक किरणांच्या साध्या टकरींतून संथ प्रति-ड्युटेरॉन जवळजवळ निघतच नाही. त्यामुळे असे मोजके कण जरी खात्रीने हाती लागले, तरी लाखो पॉझिट्रॉनपेक्षा ते जास्त सांगतील.