कॅफीन काढलेली कॉफी पथ्याची कशी झाली

गोव्यात रात्री कॉफी नको म्हणणाऱ्याच्या पुढ्यात कशाय येतो. धणे-जिरे भाजून, कुटून, गूळ आणि दूध घालून उकळलेला. आमच्या फोंड्याच्या घरीही तोच रिवाज. पण ज्याला एस्प्रेसोची, म्हणजे यंत्राच्या दाबाने काढलेल्या घट्ट कॉफीची, गोडी लागली आहे आणि डॉक्टरांनी कॅफीन कमी करायला बजावलं आहे, त्याची तलफ कशायाने भागत नाही. घरात हा प्रसंग आला तेव्हा मी डिकॅफ, म्हणजे कॅफीन काढलेल्या, बियांच्या शोधाला लागले. दुकानात डिकॅफ मागितली की बहुतेक वेळा इन्स्टंटची बाटली पुढे यायची. अख्ख्या बिया, त्याही ताज्या भाजलेल्या, मिळवताना दमछाक झाली. असं का, हे शोधत मागे गेले तर मूळ जर्मनीत सापडलं.

१८१९ मध्ये फ्रीडलीब रुंगे या तरुण रसायनशास्त्रज्ञाने कॉफीतून कॅफीन वेगळं काढलं. त्याला कॉफीच्या बिया दिल्या होत्या कवी ग्योथे यांनी. कॅफीन काढून उरलेली कॉफी विकण्याचा उद्योग मात्र त्यानंतर ऐंशीहून अधिक वर्षांनी उभा राहिला. ब्रेमेनचे व्यापारी लुडविग रोझेलियस यांच्याकडे समुद्राच्या पाण्यात भिजलेला कॉफीचा माल आला आणि त्यातून त्यांना ही कल्पना सुचली, असं सांगतात. वडिलांच्या मृत्यूला अतिरेकी कॉफीपान कारण झालं, अशीही त्यांची समजूत होती. १९०६ मध्ये त्यांनी 'काफे हाग' ही कंपनी काढली. बिया वाफवून फुगवायच्या आणि बेंझीनने त्यांतलं कॅफीन ओढून घ्यायचं, ही त्यांची रीत. बेंझीन कर्करोगकारक असल्याचं पुढे कळलं आणि ते हद्दपार झालं.

त्या कॉफीची जाहिरात हृदयाला जपणारी म्हणून होई. माझ्या मते डिकॅफचं नशीब तिथेच ठरलं. पथ्यावरच्या माणसाने चव मागू नये, असं गृहीत धरलं गेलं आणि पुढची कित्येक दशकं डिकॅफसाठी स्वस्तातल्या बिया वापरल्या गेल्या. चव गेल्याचा दोष मात्र सगळा प्रक्रियेच्या माथी मारला गेला.

प्रक्रिया तर सुधारत होती. बेंझीनच्या जागी डायक्लोरोमिथेन आलं. ते सुमारे ४० अंशांना उकळतं, त्यामुळे भाजताना बहुतेक उडून जातं. १९६७ मध्ये मुलहाइमच्या माक्स प्लांक संस्थेत कुर्ट झोसेल यांनी कार्बन डायऑक्साइडचा मार्ग शोधला. ३१ अंशांच्या वर आणि सुमारे ७३ वातावरणांहून जास्त दाबाखाली हा वायू धड वायूही राहत नाही, धड द्रवही नाही. तो बियांत शिरतो आणि चवीला फारसा धक्का न लावता कॅफीन घेऊन बाहेर येतो. स्विस वॉटर पद्धत त्याहून साधी. कॉफीचे बाकीचे विद्राव्य घटक आधीच भरलेल्या पाण्यात हिरव्या, म्हणजे न भाजलेल्या, बिया ठेवतात, त्यामुळे बियांतून मुख्यतः कॅफीनच बाहेर पडतं आणि ते कोळशाच्या गाळणीत अडकतं. कल्पना १९३० च्या दशकातली स्वित्झर्लंडची, पण तिचा मोठा कारखाना १९८८ मध्ये कॅनडात व्हँकुव्हरजवळ निघाला. कोलंबियात कॅफीन काढायला उसापासून केलेलं इथाइल अ‍ॅसिटेट हे रसायन वापरतात. ही कॉफी मला सगळ्यांत गोडसर लागते.

हे सगळं काम मोठ्या यंत्रांचं आणि मोठ्या घाण्यांचं. दहा-वीस किलो भाजणारा रोस्टर स्वतः कॅफीन काढू शकत नाही, कॅफीन काढून आलेल्या हिरव्या बियाच त्याला विकत घ्याव्या लागतात. आपल्याकडे आणखी एक अडचण होती. चिकमगळूर, कोडगू गोव्यापासून लांब नाहीत, पण १९९० च्या दशकापर्यंत बागायतदारांना आपली कॉफी सरकारी कॉफी बोर्डाच्या सामाईक साठ्यात द्यावी लागे. कोणत्या मळ्याची कोणती बी, हे पिणाऱ्याला कळायचा मार्गच नव्हता. १९९६ पर्यंत विक्री पूर्ण मोकळी झाली आणि मळ्याचं नाव छापून विकणारे छोटे रोस्टर त्यानंतर वाढले. डिकॅफ त्यांच्या यादीत सर्वांत शेवटी आली.

एस्प्रेसोत दोष लपत नाहीत. मिलानच्या आकिले गाजिया यांचं दांड्याचं यंत्र १९४० च्या दशकाअखेर आलं आणि दाबामुळे कपावर क्रेमा, म्हणजे कॉफीचा दाट फेस, दिसू लागला. आज १८ ग्रॅम दळलेल्या कॉफीतून २५-३० सेकंदांत ३६ ग्रॅम कॉफी काढतात. डिकॅफची बी या हिशेबात बसत नाही. भिजून-सुकून ती सच्छिद्र आणि ठिसूळ होते, भाजायच्या आधीच तपकिरी असते, तेल लवकर वर येतं. चिमटीत धरून दाबली तर नेहमीच्या बीपेक्षा चटकन फुटते. माझा पहिला शॉट बारा सेकंदांत धो धो वाहून गेला. क्रेमा फिकट, चव पुठ्ठ्यासारखी. दळण तीन खुणा बारीक केल्यावर सत्तावीस सेकंद लागले आणि गुळाच्या काकवीसारखी चव उतरली.

त्याआधी एका दुकानातून आणलेल्या पाकिटावर भाजल्याची तारीखच नव्हती. उघडलं तर बिया तेलाने चकचकीत आणि खवट वास. आता मी तीन गोष्टी पाहते: भाजल्याची तारीख, प्रक्रियेचं नाव आणि बी अरेबिका जातीची आहे का. रोबस्टा या दुसऱ्या जातीत अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट कॅफीन असतं, आणि काढून काढूनही थोडं उरतंच. पाकीट पाव किलोपेक्षा मोठं घेत नाही. जून ते सप्टेंबर फोंड्यात मीठसुद्धा ओलं होतं. म्हणून पाकीट आलं की अठरा-अठरा ग्रॅम बियांच्या पुड्या हवाबंद डब्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवते आणि रात्रीच्या जेवणानंतर एकच बाहेर काढते.