रिपीटर अँटेना : सोलापूर परिसरातील निवड आणि देखभाल

हौशी रेडिओचालकांच्या, म्हणजे हॅम मंडळींच्या, रिपीटर केंद्रावरचा अँटेना. रिपीटर एका वारंवारतेवर आलेला दुबळा संदेश ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या वारंवारतेवर जोरात पुन्हा पाठवतो. भारतात हॅमना असलेल्या १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात या दोन वारंवारतांमध्ये प्रथेप्रमाणे जेमतेम ६०० किलोहर्ट्झ अंतर असते आणि बहुधा दोन्ही कामे एकाच अँटेनावर होतात. घरच्या संचाचा अँटेना एका वेळी बोलतो किंवा ऐकतो. रिपीटरच्या अँटेनाला बोलता बोलता ऐकावे लागते. त्याची निवड आणि निगा या एका गोष्टीवरून ठरते.

प्रक्षेपकातून २५ वॅट बाहेर पडत असतात आणि शेजारचा ग्राही एका मायक्रोव्होल्टच्या काही दशांशांएवढा संदेश पकडू पाहत असतो. दोघांच्या पातळीत दीडशेहून जास्त डेसिबलचा फरक असतो. ड्युप्लेक्सर, म्हणजे नेमक्या वारंवारतेला जुळवलेले पोकळ धातूचे डबे, हा फरक सांभाळतात. पण ड्युप्लेक्सरच्या पुढे, केबलमध्ये किंवा मनोऱ्यावर, एखादा सांधा गंजला तर तो डायोडसारखा वागून स्वतःच खरखर तयार करतो. ती खरखर ऐकण्याच्या वारंवारतेवर पडली, तर तिला कोणताही डबा अडवू शकत नाही. हॅम भाषेत याला ‘डिसेन्स’ म्हणतात : रिपीटर दूरवर छान ऐकू येतो, पण दूरच्या माणसाचे त्याला ऐकू येत नाही.

सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीच्या सपाट पठारावर आहे. शहरालगत डोंगर नाही, त्यामुळे उंची मिळवायची ती इमारत आणि मनोरा यांतूनच. मीटरमधल्या उंचीच्या वर्गमुळाला ४.१२ ने गुणले की रेडिओ क्षितिज किलोमीटरमध्ये मिळते. ३० मीटरवरच्या अँटेनाचे क्षितिज सुमारे २३ किलोमीटर. गाडीवरच्या अँटेनाची उंची धरली तर २८. मोहोळ आणि अक्कलकोट त्यापलीकडे पडतात, म्हणजे तिथे हातातल्या संचाचा भरवसा नाही. बालाघाटच्या कडेवरचे तुळजापूर सोलापूरहून जवळजवळ दोनशे मीटर उंच असल्याने तिथून क्षितिज पन्नास किलोमीटरपलीकडे जाते. शहरात उंची वाढवायला विमानतळाची मर्यादा आहेच. होटगी रस्त्यावरच्या विमानतळाला अडसर ठरलेली सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी २०२३ मध्ये पाडली गेली, हे सोलापूरकरांना सांगायला नको.

अँटेना निवडताना बाजारात आधी ‘गेन’चा आकडा पुढे केला जातो. तो डीबीडीमध्ये (डायपोल, म्हणजे दोन दांड्यांच्या साध्या अँटेनाच्या तुलनेत) आहे की डीबीआयमध्ये (सगळीकडे सारखे पसरणाऱ्या काल्पनिक अँटेनाच्या तुलनेत), हे विचारून घ्यावे. एकाच अँटेनाचा डीबीआयमधला आकडा २.१५ ने फुगलेला दिसतो. गेन म्हणजे नवी शक्ती नव्हे. वर आकाशात आणि खाली जमिनीकडे जाणारी ऊर्जा क्षितिजाकडे दाबली की गेन वाढतो. फार लांब काठीचा झोत इतका चपटा होतो, की वाऱ्यात मनोरा डोलला तरी दूरचा संदेश कमीजास्त होतो.

प्रचारात मुख्यतः दोन प्रकार आहेत. पहिला फायबरग्लासच्या नळीतला कॉलिनियर, म्हणजे एका रेषेत एकावर एक जोडलेले अँटेनाचे तुकडे : बसवायला सोपा, दिसायला सुबक. पण आतले डाक लावलेले सांधे वर्षानुवर्षे वाऱ्याने हलून चिरतात, आणि सोलापूरच्या उन्हाने नळीचा वरचा थर उडून तंतू उघडे पडतात. दुसरा म्हणजे खांबाच्या बाजूने बसवलेले चार फोल्डेड डायपोल, म्हणजे लांबट कड्यासारखे दुमडलेले डायपोल. प्रत्येक डायपोल सुमारे एक मीटर लांब आणि खांबापासून साधारण अर्धा मीटर, म्हणजे पाव तरंगलांबी, दूर. ही रचना अवजड आहे आणि तिला वाराही जास्त लागतो; पण धातूची चौकट थेट जमिनीशी जोडलेली असल्याने ती विजेच्या दिवसांत टिकते. या परिसरासाठी दुसऱ्या प्रकाराला पसंती द्यावी. आणखी एक फायदा खास इथला आहे. सोलापूर शहर जिल्ह्याच्या आग्नेय कोपऱ्यात आहे. मोहोळ, माढा, बार्शी, करमाळा हे सगळे वायव्येच्या अंगाला, पंढरपूर पश्चिमेला. चारही डायपोल खांबाच्या वायव्य बाजूला लावले तर त्या दिशेला सुमारे ६ ऐवजी ९ डीबीडी गेन मिळतो. किंमत अक्कलकोटला मोजावी लागते.

केबलवर पैसे वाचवू नयेत. ४० मीटर आरजी-५८ या बारीक केबलमधून २५ वॅट सोडले तर वर जेमतेम चार पोहोचतात. अर्धा इंची हार्डलाइनमधून, म्हणजे अखंड धातूच्या वेष्टनाच्या ताठ केबलमधून, एकोणीसच्या वर. एलएमआर-४०० चे नुकसान कमी असले तरी तिच्यात ॲल्युमिनियमचे वेष्टन आणि वरची तांब्याची जाळी एकमेकांवर घासतात आणि तिथूनच खरखर सुरू होते. इतरत्र ती उत्तम केबल आहे. रिपीटरला अखंड तांब्याच्या वेष्टनाची हार्डलाइनच हवी.

पाऊस कमी म्हणून अँटेना सुरक्षित, हा समज चुकीचा आहे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो, टेप कडक होऊन कडा सुटतात; मग वळवाची सर येते आणि पाणी आत शिरते. असा कनेक्टर उघडला की जाळीवर हिरवा गंज दिसतो आणि मधली पिन काळवंडलेली असते. म्हणून एन-टाइप कनेक्टर, त्यावर स्वतःत मिसळणाऱ्या रबरी टेपचा थर, त्यावर ऊन सोसणारी टेप, आणि केबल खोलीत शिरण्याआधी खाली झुकता वळसा, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकते.

काळी माती हा दुसरा शत्रू. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसून तिला बोटे जातील एवढ्या भेगा पडतात. मनोरा धरणाऱ्या ताणाच्या तारांचे पाये मातीत रोवले तर दरवर्षी तारा सैल पडतात. मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खणावे. अर्थिंगच्या दांड्याभोवतीही माती सुटते, आणि नेमकी वळवाच्या विजा कडाडण्याच्या तोंडावर. त्या काळात खड्ड्यात पाणी घालणे हे देखभालीचेच काम आहे.

जिल्ह्यात सर्वाधिक पाऊस सप्टेंबरमध्ये पडतो, आणि गरजही बहुधा तेव्हाच उभी राहते. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झाला आणि हॅम मंडळी संदेशवहनासाठी तिथे गेली. सीनेच्या पुराने गावे वेढली तो सप्टेंबर २०२५ चा. त्यामुळे मोठी तपासणी मे अखेरीस, पाऊस सुरू होण्याआधीच करावी. मनोऱ्यावर सकाळी नवाच्या आत चढावे. नंतर लोखंडाला हात लागत नाही आणि दुपारी ढग जमतात. चढण्याआधी प्रक्षेपक बंद, पट्टा बांधलेला आणि खाली एक माणूस, यात सूट नाही.

खोलीत बसून एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते हे दाखवणारा आकडा (आदर्श १), मोजणे पुरेसे नाही. केबलमध्ये ३ डेसिबल नुकसान असेल तर वरचा अँटेना तुटून पडला तरी मीटर फक्त ३ दाखवतो, आणि पाणी शिरलेली केबल नुकसान वाढल्यामुळे मीटरवर उलट निरोगी दिसते. म्हणून बसवल्या दिवसाचे आकडे वहीत हवेत. एसडब्ल्यूआर अचानक ‘सुधारला’ तर वर चढावे. खरी परीक्षा कानाची आहे. ग्राहीला जेमतेम समजेल इतका दुबळा संदेश द्यावा आणि प्रक्षेपक सुरू करावा. संदेश खरखरीत बुडाला तर अँटेनाऐवजी डमी लोड, म्हणजे शक्ती न पसरवता जिरवणारा रोधक, जोडून पुन्हा ऐकावे. आता स्वच्छ आला तर ड्युप्लेक्सर ठीक आहे, दोष केबलमध्ये किंवा वर आहे. ही चाचणी वारा सुटलेल्या दिवशी करावी. शांत सकाळी कॉलिनियरमधला तुटका सांधा जुळूनच बसलेला असतो.