विद्युतचुंबकीय क्षेत्र आणि कामगार: मर्यादांचे आकडे आले कुठून?

विद्युतचुंबकीय क्षेत्राच्या मर्यादांचा प्रश्न आधी रडारमुळे उभा राहिला. 1953 मध्ये पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातील हर्मन श्वान यांनी अमेरिकन नौदलाला दर चौरस सेंटिमीटरला 10 मिलिवॉट ही मर्यादा सुचवली. त्यामागे शरीर किती उष्णता बाहेर टाकू शकते, याचा हिशेब होता. 1966 च्या अमेरिकी मानकाने हाच आकडा सहा मिनिटांच्या सरासरीवर लागू केला. त्याच सुमारास सोव्हिएत संघाची मर्यादा मात्र हजारपट कडक होती, कारण तिथे ऊतक तापण्याच्या खूप खालचे परिणामही गृहीत धरले जात.

पुढे शरीराबाहेरच्या लहरीपेक्षा शरीरात किती ऊर्जा शोषली जाते, हे महत्त्वाचे ठरले. किलोला सुमारे 4 वॉट शोषले गेले की प्रयोगशाळेतल्या प्राण्यांचे शिकवलेले वर्तन बिघडते असे दिसले. त्याला दहाने भागून कामगारांसाठी 0.4 आणि पन्नासाने भागून जनतेसाठी 0.08 वॉट ठरले. 1998 मध्ये आयनीकरण न करणाऱ्या किरणोत्सारापासून संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने, म्हणजे आयसीएनआयआरपीने, 300 गिगाहर्ट्झपर्यंतच्या वारंवारितांसाठी मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि कामगारांसाठीच्या 2004 च्या युरोपीय निर्देशाचा (सदस्य देशांनी आपल्या कायद्यात उतरवायच्या नियमांचा) पाया तीच होती.

हा निर्देश अडखळला तो एमआरआयमुळे. स्कॅन चालू असताना रुग्णाजवळ उभे राहणारे भूलतज्ज्ञ, परिचारिका आणि स्कॅन पाहत उपचार करणारे रेडिओलॉजिस्ट ग्रेडियंट कॉइलच्या (यंत्रातल्या, चुंबकीय क्षेत्र जागेनुसार बदलणाऱ्या वेटोळ्यांच्या) झपाट्याने बदलणाऱ्या क्षेत्रात असतात. 2004 चे आकडे पाळायचे तर अशी कामेच थांबली असती. रेडिओलॉजिस्टांनी जोरदार विरोध केला. त्यामुळे 30 एप्रिल 2008 ही अंमलबजावणीची मुदत आधी 30 एप्रिल 2012 आणि मग 31 ऑक्टोबर 2013 पर्यंत ढकलली गेली. अखेर 26 जून 2013 रोजी 2013/35 हा नवा निर्देश आला आणि सदस्य देशांना 1 जुलै 2016 पर्यंत वेळ मिळाला. एमआरआयला त्यात सवलत आहे, पण सरसकट नाही: धोक्याचे मूल्यमापन झालेले हवे, शक्य ते तांत्रिक व व्यवस्थापकीय उपाय केलेले हवेत, आणि कामगार सुरक्षित असल्याचे मालकाने दाखवून द्यायला हवे.

कमी वारंवारितेला जुन्या निर्देशातली प्रवाहघनता (शरीरात दर क्षेत्रफळाला वाहणारा विद्युतप्रवाह) जाऊन तिथे शरीरातील विद्युतक्षेत्र आले. तेही जागेवर मोजता येत नाही, म्हणून बाहेरून मोजायच्या कृतिपातळ्या ठेवल्या. 50 हर्ट्झला (विजेच्या नेहमीच्या वारंवारितेला) खालची पातळी, संवेदनांवरच्या परिणामांसाठी, 1000 मायक्रोटेस्ला (चुंबकीय क्षेत्राचे एकक); वरची, आरोग्यावरच्या परिणामांसाठी, 6000; हातापायांसाठी 18,000. जुन्या निर्देशात कृतिपातळी 500 होती. कृतिपातळी ओलांडली म्हणजे मर्यादा मोडलीच असे नव्हे. पण मग आतले क्षेत्र मर्यादेत आहे हे गणिताने सिद्ध करावे लागते, नाहीतर उपाय करावे लागतात.

स्पॉट वेल्डिंगचे, म्हणजे मोठा प्रवाह सोडून पत्रे ठिपक्याठिपक्याने जोडण्याचे, उदाहरण घ्या. 10,000 अँपिअर वाहणाऱ्या लांब सरळ केबलपासून 20 सेंमीवर सुमारे 10,000 मायक्रोटेस्ला येतात आणि 50 सेंमीवर 4000. केबल खांद्यावर किंवा मांडीला टेकवून काम करणारा कामगार म्हणूनच गोत्यात येतो, तर केवळ हात जवळ असेल तर तेच काम बसते. जाणारी आणि परतणारी केबल एकत्र बांधली तर क्षेत्र बरेच घटते. हा सर्वांत स्वस्त उपाय, आणि आश्चर्य म्हणजे तोच सर्रास राहून जातो. मोजमापातली नेहमीची चूक वेगळीच असते. थायरिस्टरने (प्रवाह चालू-बंद करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचने) कापलेल्या प्रवाहात हार्मोनिक, म्हणजे मूळ वारंवारितेच्या पटीतल्या लहरी, भरपूर असतात, आणि 25 हर्ट्झपासून 3 किलोहर्ट्झपर्यंत वरची कृतिपातळी वारंवारिता वाढेल त्या प्रमाणात घसरते. साध्या आरएमएस मीटरचा (एकच सरासरी मूल्य दाखवणाऱ्या मीटरचा) आकडा मग फसवतो. भारित शिखर पद्धतीने, म्हणजे प्रत्येक वारंवारितेला तिच्या मर्यादेनुसार वजन देऊन लहरीचे शिखर मोजणारे उपकरणच लागते.

निर्देश फक्त तत्काळ परिणामांपुरता आहे. दीर्घकालीन परिणाम त्यात मुद्दाम घेतलेले नाहीत, जरी आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2002 मध्ये कमी वारंवारितेचे चुंबकीय क्षेत्र आणि 2011 मध्ये रेडिओलहरी '2ब' (कर्करोगकारक असण्याची शक्यता असलेल्या) गटात टाकल्या होत्या.

पेसमेकर बसवलेल्या किंवा गरोदर कामगारांना मात्र या कृतिपातळ्या पुरत नाहीत. त्यांचा विचार स्वतंत्र करायचा असतो. स्थिर चुंबकाजवळ पेसमेकरसाठी 0.5 मिलिटेस्लाची रेषा आखतात, तर 50 हर्ट्झला 1999 च्या युरोपीय शिफारशीतील जनतेची 100 मायक्रोटेस्ला ही पातळी वापरतात. वेल्डिंगच्या शेडमध्ये या 100 मायक्रोटेस्लाची रेषा यंत्रापासून बरीच दूर जाते, बऱ्याचदा शेजारच्या ये-जा करायच्या वाटेपर्यंत. त्यामुळे सफाई कामगार आणि बाहेरून आलेले दुरुस्तीवालेही धोक्याच्या मूल्यमापनात घ्यावे लागतात.