सव्वाशे किलो आणि रबराचं एक कडं

अमेरिकेत जुनी पिनबॉल यंत्रं, म्हणजे काचेखाली पोलादी गोळी उडवत खेळायच्या मोठ्या पेट्या, हौसेने घरी ठेवणारी माणसं पुष्कळ आहेत. त्या सगळ्यांपुढे एक प्रश्न कायम असतो: हे धूड हलवायचं कसं? गेल्या शतकाच्या उत्तरार्धात शिकागोच्या बॅली, विल्यम्स, गॉटलिब या कंपन्यांनी बनवलेलं एखादं यंत्र सव्वाशे किलोच्या आसपास भरतं. न्यूयॉर्कमध्ये १९४२ ते १९७६ या काळात पिनबॉलवर बंदी होती. तिथल्या प्रशासनाने हा प्रश्न आपल्या पद्धतीने सोडवला होता, जप्त केलेली यंत्रं घणाने फोडून. हौशी माणसाला तो मार्ग परवडत नाही.

यंत्राचे चारही पाय बोल्ट सोडून काढता येतात, पण तेवढा वेळ पेटी कुणीतरी अधांतरी धरायला हवी. त्यासाठी सीझर लिफ्टची ट्रॉली वापरतात. खाली चाकं, वर लोखंडी फळा, मध्ये कात्रीसारख्या दोन दांड्या, आणि त्या उघडायला एक हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा, सिलिंडर. पायाने पेडल मारलं की फळा वर येतो, कळ सोडली की खाली जातो. आपल्याकडे एमआयडीसीत माल ओढणाऱ्या हँड पॅलेट ट्रकच्या पोटातही असाच हायड्रॉलिक सिलिंडर असतो.

ट्रॉली वीस-पंचवीस वर्षांची झाली की एक दिवस फळा आपोआप बसायला लागतो. लोक म्हणतात, ‘शॉक गेला.’ लोखंडाला बहुतेक वेळा काही झालेलं नसतं. झिजलेलं असतं ते आतलं सील, म्हणजे रॅमभोवती, सिलिंडरमधून बाहेर सरकणाऱ्या दांड्याभोवती, बसणारं रबराचं किंवा पॉलियुरेथेनचं कडं.

आधी जोर कुठे पडतो ते पाहू. कात्रीच्या दांड्या जमिनीशी जितका लहान कोन करतात तितकं उचलणं जड जातं. सोप्या हिशेबासाठी समजा, सिलिंडर दांड्यांचं एक टोक आडवं ढकलतोय. कोन ४५ अंश असेल तर भाराइतकाच जोर पुरतो. कोन १० अंशांवर आला की साडेपाचपटीहून जास्त जोर लागतो. सव्वाशे किलोंना तो सुमारे ७००० न्यूटन होतो. रॅमचा व्यास ३० मिलिमीटर असेल तर तेलाचा दाब वातावरणाच्या जवळपास शंभरपट भरतो. कारच्या टायरमध्ये हा आकडा दोन-सव्वादोनच्या आसपास असतो. प्रत्यक्षात सिलिंडर तिरका बसवून ही शिक्षा बरीच कमी केलेली असते, पण कल वरच्या हिशेबासारखाच राहतो. म्हणून थकलेली ट्रॉली अगदी खालून उठताना कुंथते आणि अर्ध्यावर आली की पुढे निमूट चढते.

तेच गुणोत्तर गळतीलाही लागू होतं. एक मिलिलिटर तेल, म्हणजे साधारण वीस थेंब, निसटलं तर या रॅमची पीछेहाट दीड मिलिमीटरच्या आत असते. फळा मात्र खालच्या कोनात असेल तर आठ मिलिमीटर उतरतो. डोळ्यांना गळती भयंकर दिसते, जमिनीवर मात्र जेमतेम एक डाग असतो.

शंभर वातावरणांचा दाब एवढंसं मऊ कडं कसं थोपवतं? हायड्रॉलिक्सच्या इतिहासातली खरी अडचण हीच होती. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो हा पास्कलचा सिद्धान्त त्याच्या मृत्यूनंतर १६६३ साली छापला गेला, पण त्यावर चालणाऱ्या हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट लंडनच्या जोसेफ ब्रामाने घेतलं ते १७९५ साली. ब्रामा कुलपांसाठी आधीच नावाजलेला होता. प्रेस त्याने बनवली, पण रॅमभोवतीच्या फटीने त्याला रडकुंडीला आणलं. फटीतलं भरण सैल ठेवलं तर पाणी उसळून बाहेर येई. घट्ट आवळलं तर रॅम जागीच आवळला जाई आणि दाब काढला तरी खाली येत नसे. यावरच्या तोडग्याचं श्रेय त्याच्या कारखान्यातल्या हेन्री मॉडस्ले या तरुण कारागिराला दिलं जातं. त्याने चामड्याचं कडं केलं, इंग्रजी यू अक्षरासारख्या छेदाचं, आणि त्याचं तोंड दाबाच्या दिशेला ठेवलं. पाणी आत शिरून यूचे दोन्ही ओठ फाकवतं, एक सिलिंडरच्या भिंतीवर आणि दुसरा रॅमवर. दाब जितका जास्त तितकी पकड घट्ट, आणि दाब गेला की पकड आपोआप सैल. पळू पाहणाऱ्या द्रवालाच पहारेकरी नेमण्याची ही युक्ती मला तरी प्रेसपेक्षा मोठी वाटते. आजच्या ट्रॉलीतलं यू-सील हा त्याच चामड्याचा वंशज. रबराची ओ-रिंगही याच तत्त्वावर चालते. तिचं पेटंट अमेरिकेत स्थायिक झालेल्या नील्स क्रिस्टनसेन या डॅनिश माणसाने १९३७ साली मागितलं, वयाच्या सत्तरीनंतर.

मात्र या युक्तीला एक अट आहे. दाब चढायच्या आधी ओठ रॅमला हलकेच टेकलेला हवा, म्हणजे सुरुवातीची पकड रबराच्या लवचिकपणानेच धरायची असते. वर्षानुवर्षं दबून राहिलेलं रबर उसळी विसरतं, तेलाने आणि वयाने कडक होतं. मग पहिल्याच क्षणी फट राहते आणि दाब सीलला दाबण्याऐवजी त्या फटीतून निघून जातो. थंडीनेही हीच उसळी मंदावते. १९८६ च्या जानेवारीत चॅलेंजर अवकाशयान कोसळलं तेव्हा फ्लोरिडात कडाक्याची थंडी होती. त्याच्या रॉकेटच्या सांध्यांत ओ-रिंगाच होत्या. चौकशी समितीपुढे भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी त्याच रबराचा तुकडा चिमट्यात आवळून बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि सोडल्यावर तो लगेच पूर्ववत होत नाही हे दाखवलं. ट्रॉलीत माणसांचे जीव त्या प्रमाणात पणाला लागत नाहीत, पण रबराचा स्वभाव तोच.

आता दुरुस्ती. आधी गळती आतली की बाहेरची हे ओळखायचं. रॅम तेलाने ओला, धुळीचा काळा चिखल, खाली थेंब, म्हणजे सील गेलं. फळा बसतोय पण बाहेर सगळं कोरडं, म्हणजे सील निर्दोष. तेल आतल्या आत टाकीत परततंय, आणि गुन्हेगार बहुधा तेलाची परतीची वाट अडवणाऱ्या व्हॉल्व्हची पोलादी गोळी असते. तिच्या बैठकीवर कचऱ्याचा एक कण अडकला तरी पुरतो. गोळी नवी टाकावी, बैठक पुसावी. जुने मिस्त्री पितळी दांडा ठेवून गोळीवर हलका ठोका देतात आणि तिची जागा नीट बसवतात. हे न तपासता सील बदलणाऱ्यांची संख्या मोठी आहे.

सील बदलायचं तर फळा रिकामाच वर न्यायचा, दांड्यांमध्ये भक्कम टेकू द्यायचा आणि मगच कळ सोडून दाब उतरवायचा. सिलिंडर निघाला की दांड्यांना धरून ठेवणारं काहीही उरत नाही, आणि कात्रीत बोट सापडलं तर तुटतं. इथे घाई नको.

रॅम बाहेर आला की उजेडात फिरवून बघा. चांगल्या सीलच्या ओठाची कड धारदार दिसते. झिजलेल्याची कड गोल, चकचकीत पट्टी होते, आणि नख दाबलं तर रुतत नाही. तेच नख रॅमवरून लांबीच्या दिशेने आणि आडवं ओढा. कुठे अडलं तर तिथे ओरखडा किंवा गंजाचा खड्डा आहे. अशा रॅमवर नवं सील थोड्याच दिवसांत कापलं जाईल, कारण ओठ आणि रॅमचा क्रोमचा मुलामा यांच्यामध्ये तेलाचा थर असतो तो मायक्रॉनच्या आसपासचा. ओलसर गॅरेजमध्ये फळा वर ठेवून दिलेल्या ट्रॉलीत हे खड्डे हमखास सापडतात. फळा खाली असता तर रॅम तेलात बुडून सुरक्षित राहिला असता.

नवं सील आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि उंची मोजून आणायचं. ते गरम पाण्यात मऊ करून, पुसून, तेल लावून बोटांनीच खाचेत बसवायचं. स्क्रू ड्रायव्हर लागला की ओठ फाटलाच म्हणून समजा. यूचं तोंड तेलाकडे, बाहेरची धूळ अडवणारं वेगळं सील असतं, त्याचा ओठ बाहेरच्या बाजूला. उलटं बसलं तर पहिल्याच पेडलला कळतं.

तेल हायड्रॉलिक जॅकचंच घालायचं. घरात ब्रेक ऑइल पडलंय म्हणून ते ओतू नये. ब्रेक ऑइल सहसा ग्लायकॉलचं असतं आणि ब्रेकमधलं रबर त्याला साजेसं निवडलेलं असतं. जॅकमधलं नायट्राइल रबर खनिज तेलासाठी असतं, ग्लायकॉलमध्ये ते फुगून खराब होतं. मग कळ उघडी ठेवून दहा-पंधरा वेळा पेडल मारायचं म्हणजे अडकलेली हवा निघते. हवा दबते, तेल जवळजवळ दबत नाही; फळा स्पंजासारखा डुलत असेल तर आत अजून हवा आहे.

काही ट्रॉल्यांमध्ये तेलाच्या जॅकऐवजी कारच्या डिकीला असतो तसा गॅसचा स्ट्रट असतो. तो उघडायचा नाही, तापवायचा नाही, भोक तर मुळीच पाडायचं नाही. आत नायट्रोजन शंभर वातावरणांच्या घरात दाबून भरलेला असू शकतो आणि कळ सोडून तो उतरवण्याची सोय नसते. त्याचा जोर नळीवर न्यूटनमध्ये छापलेला असतो. तो आकडा, पूर्ण लांबी, स्ट्रोक (दांडी किती आत-बाहेर सरकते ते) आणि टोकांची जोडणी जुळवून नवाच घ्यावा, आणि तो नळीतून निघणारी दांडी खाली ठेवून बसवावा, म्हणजे आतलं थोडं तेल सीलवर जमून त्याला ओलं ठेवतं.

जॅक जोडून झाला की यंत्र लगेच वर चढवू नका. तेवढ्याच वजनाच्या सिमेंटच्या गोण्या ठेवा, फळा अर्ध्यावर न्या, कात्रीच्या दांडीवर पेन्सिलने रेघ मारा आणि रात्रभर सोडा. सकाळी रेघ घसरलेली आणि रॅम कोरडा असेल तर सील ठीक आहे. पुन्हा ती पोलादी गोळीच बघायला घ्या.